लोणीरंगाचा ब्लेझर

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमचा चेहरा काही बोलतच नाही. कोर्टाच्या समुपदेशक बाई तासभर तुमच्याकडे आणि मुलीकडे नुसत्या बघत बसणार आहेत. चेहरा बोलत नसेल तर निदान कपडे तरी बोलू देत."

राग मानायचा तर आधी तो यायला हवा. गोळ्या सुरू झाल्यापासून तेवढीही मेहनत माझ्याच्याने होत नव्हती. मी मान डोलावली, फाईल पिशवीत टाकली आणि कामावर गेले. मी एक्स-रे काढते. लोकांना सांगते, अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवा, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा, सोडा. तिथे माझ्या चेहऱ्याचं कुणाला काही पडलेलं नसतं.

गेल्या वर्षी मी झोपून राहिले होते. ताप नाही, खोकला नाही, मी नुसती उठत नव्हते. भिंगरी शाळेतून यायची, दप्तर माझ्या पलंगावर टाकायची, दिवसभरात काय काय झालं ते सांगायची, आणि मी छताकडे बघत हं हं करायचे. एक दिवस नवरा तिला त्याच्या आईकडे घेऊन गेला. "तू बरी होईपर्यंत," म्हणाला. मी उठले, गोळ्या घेतल्या, कामावर जायला लागले. पण मी बरी झाले हे ठरवायचं कुणी, यावर घोडं अडलं. आता ते समुपदेशक बाई ठरवणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर शुक्रवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत भिंगरी माझ्याकडे राहायला येणार होती. सहा वर्षांची मुलगी, आठवड्यातल्या दोन रात्री. मला हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते मला हवं आहे याची मी रोज स्वतःला आठवण करून देत होते, कारण आपोआप ते वाटत नव्हतं.

धाकट्या बहिणीला मी वकीलबाईंचं बोलणं सांगितलं आणि तिने घर डोक्यावर घेतलं.

"ताई, म्हणजे तुला स्टायलिस्ट हवी! आणि तू मला आत्ता सांगतेस?"

धाकटी माझ्याकडेच राहते. एका नावाजलेल्या स्टायलिस्टच्या हाताखाली नुकतीच लागली आहे. त्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात, आणि आमच्या घरात मॅडमचं नाव देवाच्याही आधी घेतलं जातं. स्टायलिस्ट म्हणजे काहीतरी झगमगीत असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ती सकाळी दोन्ही खांद्यांवर कपड्यांच्या पिशव्या लादून जायची आणि संध्याकाळी त्याच पिशव्या लादून परत यायची. कपडे फोटोपुरते उसने आणायचे, वाफेच्या इस्त्रीने सरळ करायचे, टॅग न तोडता आत दुमडून टाकायचा, बुटांच्या तळव्यांना कागदी चिकटपट्टी लावायची म्हणजे ते झिजत नाहीत, आणि फोटो झाले की जसेच्या तसे परत नेऊन द्यायचे. मी तिला एकदा म्हटलंही, "ही तर हमाली झाली." ती म्हणाली, "हमाली आहे, पण सीझनची आहे."

सीझन हा तिच्या बोलण्यातला परवलीचा शब्द. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. कुठल्या बाह्या आत आल्या, कुठल्या पँटी बाहेर गेल्या, खांदे किती रुंद झाले, याची बातमी तिला लागली नाही असा दिवस नाही. "राखाडी संपलं, ताई," असं ती एकदा मला कुणीतरी वारल्यासारखं सांगत आली. मी म्हटलं, "माझं अजून संपलं नाहीये." ती हसली नाही. तिने माझं कपाट उघडलं, राखाडी, करडा, पुन्हा राखाडी असं बघत गेली आणि हळूच बंद केलं.

त्या आठवड्यात तिने आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत भरून टाकली. मासिकांतून कापलेल्या, फोनवरून छापून आणलेल्या बायकांचे फोटो. कुणी मुलाला कडेवर घेतलेली, कुणी ऑफिसात उभी, कुणी उगाच खिडकीतून बाहेर बघणारी. मधोमध कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जबाबदार पण मायाळू.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुझा लुक."

"मी अशी दिसायला हवी?"

"तू अशीच आहेस. फक्त दिसत नाहीस." मग म्हणाली, "तू माझी पहिली क्लायंट आहेस, ताई. मॅडमशिवायची पहिली. मला हे नीट करू दे."

मी करू दिलं. मला काही बिघडल्यासारखंही वाटत नव्हतं आणि काही घडल्यासारखंही. ती कपडे आणायची, मी हात वर करायचे, ती घालायची, मागे सरकून फोनवर फोटो काढायची, तोंड वाकडं करायची, पुन्हा उतरवायची. गडद निळा ड्रेस तिने 'मुख्याध्यापिका' म्हणून बाद केला. फुलाफुलांचा सदरा 'साबणाच्या जाहिरातीतली आई' म्हणून बाद झाला. तो मला बरा वाटला होता, पण माझं मत कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

शेवटी भेटीच्या आदल्या संध्याकाळी तिने पिशवीतून तो ब्लेझर काढला. फिकट पिवळा, गाईच्या ताज्या लोण्याचा असतो तसा. खांदे रुंद, लांबी मांडीपर्यंत.

"या सीझनचा हाच रंग आहे," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "सगळीकडे हाच आहे. बघ, यात तुझा चेहरा कसा उजळतो. या रंगात माणूस आपोआप प्रेमळ दिसतं."

"फार मोठा आहे."

"असाच घालतात. पण तुला दोन मापं जास्त होतो, ते मी करते." ती माझ्या पाठीशी गेली आणि तिच्या डब्यातले टोकदार पोलादी चिमटे काढून ब्लेझरचं जास्तीचं कापड मणक्यावर गोळा करून एकाखाली एक लावत गेली. समोर आरशात ब्लेझर माझ्यासाठीच शिवल्यासारखा बसला. मागे हात नेला तर माझ्या पाठीवर पोलादाची रांगच होती.

"शिवून आत घेता येत नाही का?"

"परत द्यायचाय, ताई. उद्या संध्याकाळी. मॅडमना माहीतही नाही मी आणलाय ते. टाका घातला तर छिद्र दिसतं." मग मॅडमच्या आवाजात म्हणाली, "कॅमेऱ्याला पाठ नसते."

"तिथे कॅमेरा नाहीये."

"तिथे एक बाई आहे, आणि ती समोर बसणार आहे. तू भिंतीला टेकून बस. उठायचं झालं तर तोंड तिच्याकडे ठेव. वाकू नकोस, ब्लेझर वर चढतो. पाठ दाखवू नकोस, बस. एवढं केलंस तर काही चिंता नाही."

मग तिने मला हसायला शिकवलं. दात न दाखवता, डोळे जरा बारीक करून. मी तीन-चारदा करून दाखवलं. चौथ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसू चांगलं जमलं म्हणून की जमलं नाही म्हणून, ते मी विचारलं नाही.

सकाळी आम्ही रिक्षाने गेलो. मी सीटला पाठ न टेकवता बसले होते, चिमटे सुटू नयेत म्हणून. समुपदेशक बाईंच्या ऑफिसच्या व्हरांड्यात लांब बाक होतं, पाण्याचं यंत्र होतं आणि धूळ बसलेल्या पानांची एक कुंडी होती. धाकटी बाकावर बसली आणि तिने माझी कॉलर सारखी केली. "मस्त," ती म्हणाली. स्वतःचे हात मात्र तिने मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

भेटीची खोली लहान होती. जमिनीवर सतरंजी, टोपलीत ठोकळे आणि बाहुल्या, कोपऱ्यात समुपदेशक बाईंची खुर्ची. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या वयाने लहान होत्या, पायात साधी चप्पल, केस घाईत बांधलेले. "या ना. छान आहे हं कोट," त्या म्हणाल्या. मी धाकटीने शिकवलेलं हसू हसले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले.

दार उघडलं. सासूबाईंनी भिंगरीला आत ढकललं आणि त्या बाहेरच थांबल्या. भिंगरीचे केस कापले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. ती दाराशी उभी राहिली आणि आधी ब्लेझरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा तुझा आहे?"

"हो," मी म्हटलं.

"नवीन आहे?"

"हो."

ती जरा विचारात पडली. मग एकदम धावत आली. ती नेहमी तशीच यायची, आधी डोकं आणि मागून सगळं अंग, म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलं. डोकं माझ्या पोटावर आदळलं आणि तिचे दोन्ही हात ब्लेझरखालून नव्हे, वरून, माझ्या पाठीमागे गेले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस आखूड असल्यामुळे हाताखाली मान लागली. मला ते कळलं, की ही मान आहे, ही गरम आहे.

आणि ती ओरडली. झटका बसल्यासारखी मागे झाली.

"तुझ्या पाठीत काहीतरी आहे!"

"काही नाही," मी म्हटलं. "चिमटे आहेत."

"दाखव."

मी भिंतीला टेकले. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती, की पाठ दाखवायची नाही. कोपऱ्यात समुपदेशक बाई बसल्या होत्या, हातात पेन, आणि मी समोरून चांगली दिसत होते.

"नको," मी म्हटलं. "पाठ नको बघू."

"का?"

"कोट खराब होईल."

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. तिने एक हात दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला होता. "तुला टोचत नाही?"

"नाही. मला काही दुखत नाही." आणि हे अगदी खरं होतं.

"मला दुखलं," ती म्हणाली.

मी हसले. दात न दाखवता, डोळे बारीक करून.

ती वळली, टोपलीपाशी गेली आणि सतरंजीवर बसून ठोकळे काढायला लागली. एक बोट तिने तोंडात घातलं होतं. मी समोर बसले, भिंतीला पाठ लावून. ती म्हणाली, घर करूया. मी म्हटलं, करूया. वाकता येत नव्हतं म्हणून ती ठोकळे माझ्या हातात आणून द्यायची आणि मी हात लांब करून ठेवायचे. घर झालं. तिने ते एकदा पाडलं, पुन्हा बांधलं. शाळेत एक नवीन बाई आल्या आहेत आणि त्या कुणालाच रागावत नाहीत, असं तिने सांगितलं. मी हं म्हटलं. मग मला तो हं ऐकू आला, पलंगावरून म्हणायचे तसाच. मी पुढे काहीतरी विचारायला हवं होतं. "कोणता विषय शिकवतात?" एवढं मी विचारलं. ती म्हणाली, "सगळेच." वेळ संपला तेव्हा तिने लांबूनच हात हलवला आणि सासूबाईंचं बोट धरून गेली.

समुपदेशक बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. पेन खाली ठेवलं.

"तुम्ही प्रयत्न करताय, ते मला दिसतं," त्या म्हणाल्या. "औषधं घेताय, कामावर जाताय. वकिलांनी कागद पाठवलेत, त्यात सगळं व्यवस्थित आहे. मी काही तुमच्या विरोधात नाहीये."

मी मान डोलावली.

"पण मुलगी म्हणाली, मला दुखलं. तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली. तुम्ही तिचं बोट बघितलं नाहीत."

मला उत्तर द्यायला हवं होतं. मी शोधलं, आणि जे सापडलं ते बोलले. "ब्लेझर परत द्यायचा होता."

"मुक्कामाला पाठवायला मी आत्ता तरी हो म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "रात्री तिला काही झालं, ती उठून तुमच्याकडे आली, तर... समजतंय ना तुम्हाला? सध्या दर शनिवारी इथेच भेटा, तासभर. पावसाळा संपला की पुन्हा बघू. आणि हे बघा, पुढच्या वेळी घरातले कपडे घालून या."

"बरं," मी म्हटलं. उठले, आणि त्यांच्याकडे तोंड ठेवून मागे मागे चालत दारापर्यंत गेले. तेव्हाही मला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

बाहेर धाकटी उभीच होती. माझ्याकडे बघून तिला काही कळेना, कारण माझ्याकडे बघून कुणालाच काही कळत नाही. "काय झालं?" तिने विचारलं. "आवडलं त्यांना?"

"कोट छान आहे म्हणाल्या."

"मग?"

"नाही म्हणाल्या. मुक्काम नाही. शनिवारी इथेच यायचं."

तिचा चेहरा पडला. तिने माझ्या दंडाला धरून मला व्हरांड्याच्या टोकाला बायकांच्या स्वच्छतागृहात नेलं, दार लावलं, आणि मला वळवून भराभर चिमटे काढायला लागली. चिमटे बेसिनमध्ये पडत होते आणि ती बोलत होती. रंग फार फिकट झाला का, केस मोकळे सोडायला हवे होते का, मुख्याध्यापिकाच बरी होती का. मी बेसिनच्या नळाकडे बघत होते.

मग ती थांबली.

"ताई, इथे रक्त लागलंय. तुला लागलं का कुठे?" तिने माझा ब्लेझर वर करून आतला सदरा पाहिला, पाठ चाचपली. "तुला तर काही नाहीये."

"माझं नाही ते."

मी ब्लेझर उतरवला आणि त्याची पाठ माझ्याकडे केली. खालच्या चिमट्याच्या जागी, त्या सीझनच्या रंगावर, एक लहान लाल ठिपका होता आणि त्याच्या बाजूला बोट पुसल्यासारखी एक फिकट रेघ. एवढंसं बोट. हात मागे घेताना ते कोटालाच पुसलं गेलं होतं आणि मग तिने ते तोंडात घातलं होतं, आणि मी समोर बसून ठोकळे लावत होते.

मला लाज वाटली. किती महिन्यांनी काहीतरी वाटलं, आणि ते हे होतं.

धाकटीला रक्ताचं बरोबर कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. "माझ्या चिमट्यांमुळे," ती म्हणाली आणि रडायला लागली. "माझ्यामुळे झालं ना हे? चिमटे लागले म्हणून नाही म्हणाल्या ना?"

"नाही," मी म्हटलं. "भिंगरी म्हणाली मला दुखलं, आणि मी बघितलं नाही. म्हणून."

ती रडत राहिली. रडता रडताच तिने पिशवी उघडली, कापूस आणि साबणाची वडी काढली, नळ सोडला. मॅडमची शिकवणच तशी होती, डाग पडला की आधी थंड पाणी, मग विचार. तिने ब्लेझरची पाठ नळाखाली धरायला ओढली.

"धुऊ नकोस," मी म्हटलं.

"ताई, वाळलं की निघणार नाही. संध्याकाळी परत द्यायचाय."

"धुऊ नकोस म्हणते ना!"

माझा आवाज फरशीवरून परत आला. धाकटी दचकली. मीही दचकले. मी ब्लेझर तिच्या हातातून ओढून घेतला होता आणि पोटाशी धरला होता. नळ चालूच होता. धाकटीने तो बंद केला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

मग तिने डोळे पुसले, फोन काढला आणि नंबर लावला.

"मॅडम, मी बोलतेय. तो लोणीरंगाचा ब्लेझर... हो, मी नेला होता. न विचारता नेला. तो परत येणार नाही, मॅडम." पलीकडून बोलणं सुरू झालं आणि ते बराच वेळ थांबेना. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. "हो," म्हणत होती. "हो, मॅडम. समजलं. नाही, उद्यापासून नाही येत."

मी बाहेर येऊन बाकावर बसले, ब्लेझर मांडीवर घेऊन. भिंगरीने मागे होताना उजवा हात मुठीत धरला होता की डावा, ते मी आठवून बघत होते. मला आठवेना.